उजव्या फूटरेस्टचं रबर

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळचे साडेसात, वाघोलीच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर. रक्कम सहा हजार रुपये, आगाऊ. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि तिचा प्रशिक्षक. माझी पत्नी हजर नव्हती, पण तिची अट हजर होती.

सहा हजार ही चार रविवारांची फी. त्या बदल्यात मुलीला मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलून मागच्या एकाच चाकावर गाडी चालवायला शिकवणार होते. याला व्हीली म्हणतात. मुलगी चोवीस वर्षांची, खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आणि मोटरसायकल तिने स्वतःच्या पगारातून घेतली आहे. त्यामुळे मनाई करण्याचा अधिकार आम्हाला कितपत होता, हा प्रश्नच होता. पण पार्किंगची जागा माझ्या नावावर आहे आणि स्वयंपाकघर पत्नीच्या ताब्यात, म्हणून जेवणाच्या टेबलावर वाटाघाटी झाल्या.

पत्नी म्हणाली, "चाक वर कसं जातं ते मला सांगू नकोस. खाली कसं येतं ते सांग."

"मागच्या ब्रेकने येतं, आई. पायाने हळूच दाबला की पुढचं चाक खाली येतं."

"मग ते जमलेलं मला कळायला हवं. चौथ्या रविवारी दहा वेळा उचल. दहापैकी आठ वेळा ब्रेकने नीट खाली आलं, तर गाडी राहील. नाही तर विकायची."

मुलीने मान्य केलं. तिला वाटलं, उचलणंच काय ते अवघड असतं. पंच म्हणून माझी नेमणूक झाली. त्याचं कारण माझं मोटरसायकलचं ज्ञान नव्हे. सोसायटीच्या हिशेबात चौदा रुपये जुळत नव्हते म्हणून खजिनदार या नात्याने मी वार्षिक सभा पुढे ढकलायला लावली होती. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही. माझ्याबरोबर सहलीला यायला मात्र कोणी तयार नसतं.

प्रशिक्षक अठ्ठावीस-तीस वर्षांचा. गावातल्याच शेतकरी घरातला. घरच्या जमिनीवर आता तीन इमारती आहेत आणि हा एक प्लॉट उरला आहे. काळा गॉगल, बोटात दोन अंगठ्या. मोबाईलवर आपल्याला किती लोक फॉलो करतात हे त्याने मला न विचारता सांगितलं. पण हेल्मेट, गुडघ्याची कवचं, जाड जॅकेट हे सगळं घातल्याशिवाय त्याने मुलीला गाडीला हात लावू दिला नाही.

"काका, तुम्ही हितं बसा," प्लास्टिकची खुर्ची ठेवत तो म्हणाला. "घरचं माणूस असल्याबिगर मी कुणाला चाक उचलू देत न्हाई. आन रस्त्यावर कुणी उचलताना दिसलं तर त्याला परत हितं घेत न्हाई."

हे मला पटलं. मी पावती मागितली. त्याने गॉगल न काढता माझ्याकडे पाहिलं आणि फोनवर पैसे मिळाल्याचा मेसेज पाठवला.

पहिल्या रविवारी मला त्या विद्येचा हिशेब समजला. पहिल्या गिअरमध्ये गाडी सावकाश, एका वेगात चालवायची. क्लच क्षणभर दाबायचा, मूठ थोडी पिळायची, क्लच सोडायचा. पुढचं चाक उचललं जातं. त्यानंतर उजवी मूठ स्थिर ठेवायची आणि उजवा पाय सतत ब्रेकवर तयार. चाक फार वर चाललं की ब्रेक हलका दाबायचा.

अडचण अशी की चाक वर गेलं की माणूस घाबरतो. घाबरला की मागे झुकतो, हँडल घट्ट धरतो, आणि धरताना मूठ आणखी पिळली जाते. म्हणजे जितकी भीती जास्त, तितका वेग जास्त. ज्याने मोटरसायकल पहिल्यांदा बनवली, त्याने धरायची जागा आणि वेग वाढवायची जागा एकच ठेवली. आमच्या हिशेबाच्या कामात असं चालत नाही. बिल मंजूर करणारा आणि चेकवर सही करणारा एकच माणूस असला की ऑडिटर पहिल्या पानावर लिहितो.

हे मी प्रशिक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पाणी घ्या."

शेडमध्ये एक यंत्र होतं. लोखंडी सांगाड्यावर जुनी मोटरसायकल जखडलेली. मागचं चाक रुळांवर फिरायचं, पुढचं मोकळं वर जायचं आणि एक जाड पट्टा त्याला ठरावीक उंचीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मुलीने आधी त्यावर सराव केला, मग प्लॉटवर. चाक उचलणं तिला पहिल्याच दिवशी जमलं. उतरवणं जमेना. तिचं सगळं शिक्षण बिनगिअरच्या स्कूटरवर झालेलं. स्कूटरला दोन्ही ब्रेक हातात असतात, पायांना काही काम नसतं. चाक वर गेलं की ती हातातलं जे सापडेल ते दाबायची. मोटरसायकलवर डाव्या हातात क्लच असतो. तो दाबला की जोर जायचा आणि पुढचं चाक धप्पकन जमिनीवर आपटायचं.

"क्लच दाबला की गाडी पडती," प्रशिक्षक सांगायचा. "ब्रेक दाबला की गाडी येती. पडणं येगळं, येणं येगळं."

मी आवाजावरून मोजायला लागलो. धप्प म्हणजे पडली. टप म्हणजे आली. दुसऱ्या रविवारअखेर दहापैकी दोन आल्या. घरी आकडा सांगितला. पत्नी पोळ्या लाटत होती.

"दोन," ती म्हणाली. "मी येते पुढच्या रविवारी."

तिसऱ्या रविवारी निघताना माझ्या मोटरसायकलचं मागचं उजवं फूटरेस्ट दिसलं. त्याचं रबर पार फाटून लोखंड वर आलं होतं. सतरा वर्षं मी ही गाडी वापरतो. डावीकडचं रबर अजून कंपनीचं आहे. उजवीकडचं मी दोनदा बदललं. रबरं जोडीने मिळतात, ती दोन्ही उजवीकडेच खर्ची पडली. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, त्याच्या उष्णतेने रबर वितळत असणार, असं माझं पूर्वीपासूनचं मत. तसं मी मेकॅनिकलाही सांगितलं होतं. तोही "असेल" म्हणाला होता.

पत्नीने दोन्हीकडे पाय टाकले आणि आम्ही कोथरूडहून वाघोलीला गेलो. उतरल्यावर तिने उजवी पोटरी दाबली. ती नेहमीच दाबते.

तिने मुलीचे चार प्रयत्न उभ्याने पाहिले. चारही धप्प.

"हिचा पाय कुठे असतो?" तिने विचारलं.

"ब्रेकवर पायजे, काकू. पण जात न्हाई."

मुलगी हेल्मेटची काच वर करून म्हणाली, "आई, त्या वेळी सुचतच नाही गं."

"त्यात सुचायचं काय आहे? भीती वाटली की पाय आपोआप दाबला जातो."

"कोणाचा?"

"सगळ्यांचा."

प्रशिक्षक हसला. "काकू, बोलणं सोप्पं हाय. बसा की यंत्रावर."

पत्नीला कोणतंही वाहन चालवता येत नाही, हे मी त्याला सांगायला हवं होतं. पण तोवर तिने पर्स माझ्याकडे दिली होती आणि मुलीचं हेल्मेट डोक्यावर घातलं होतं. गिअर आणि क्लच बाजूला उभं राहून प्रशिक्षकाने सांभाळले. मूठ तिच्या हातात दिली. ब्रेकची पट्टी कुठे आहे ते बोटाने दाखवलं.

यंत्र गुरगुरलं. पुढचं चाक वर गेलं. पट्टा ताठ व्हायच्या आत ते खाली आलं. टप.

"लागली असंल नशिबानं," प्रशिक्षक म्हणाला. "परत."

टप.

तिसऱ्या वेळी त्याने तिला न सांगता मूठ स्वतःच जास्त पिळली. चाक झपकन उचललं गेलं. पत्नीने डोळे घट्ट मिटले, तोंडाने "अहो" म्हणाली, आणि चाक खाली आलं. टप.

प्रशिक्षकाने गॉगल काढला. त्याचे डोळे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"काकू, आधी कुठं शिकलात?"

"ह्यांच्या मागे बसून," पत्नी म्हणाली.

मी म्हणालो, "म्हणजे काय?"

"म्हणजे सव्वीस वर्षं मागे बसून मी ब्रेक मारते. तुम्ही मारता, पण अगदी शेवटी. तोवर मला मारावा लागतो."

"मागे ब्रेक नसतो."

"ते मला माहीत आहे. पायाला माहीत नाही."

इथे खुलासा करतो. मी वेगाने गाडी चालवत नाही. चाळिसाच्या वर माझा काटा जात नाही आणि आजवर माझी गाडी कोणाला घासलेली नाही. पण ब्रेक मारणं म्हणजे जाळलेल्या पेट्रोलवर पाणी सोडणं. म्हणून पुढे सिग्नल दिसला की मी मूठ सोडून देतो आणि गाडी आपोआप मंद होऊ देतो. ब्रेक अगदीच लागला तर लावतो. माझी गाडी लिटरला बासष्ट किलोमीटर देते. हे मी तिथेही सांगितलं.

मुलगी जमिनीवर बसून हसत होती. प्रशिक्षकाने गॉगल परत लावला, पण त्याचे खांदे हलत होते.

मी माझ्या मोटरसायकलपाशी गेलो आणि उजवं फूटरेस्ट पाहिलं. रबर सायलेन्सरच्या बाजूने शाबूत होतं. ते पुढच्या टोकाला झिजलं होतं, बरोबर चवड्याच्या जागी. उष्णतेचा मुद्दा मी मनातल्या मनात मागे घेतला.

उपाय पत्नीनेच सांगितला. "आठवडाभर ह्यांच्या मागे बसून ऑफिसला जा. पाय शिकेल."

"आई, मी मरेन."

"मरत नाही. मी जिवंत आहे."

मी स्पष्ट केलं की माझ्या गाडी चालवण्यात मी कोणताही बदल करणार नाही.

"करूच नका," पत्नी म्हणाली. "बदल केलात तर काय उपयोग?"

"काका, फी तुम्हीच घ्यायला पायजे," प्रशिक्षक म्हणाला.

सोमवारपासून मी मुलीला खराडीला सोडून मग माझ्या ऑफिसला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी कर्वे रस्त्यावर तिने तीनदा "बाबा" म्हटलं आणि माझे खांदे धरले. मंगळवारी ती हातांनी फक्त मागचं हँडल धरत होती. बुधवारी येरवड्याच्या अलीकडे एक पीएमटी बस अचानक थांबली. मी मूठ सोडली, गाडी मंद व्हायची वाट पाहिली, आणि मागून, उजव्या बाजूने, कुर्र असा आवाज आला. हा आवाज मला ओळखीचा होता. इतकी वर्षं मी तो शॉकअबसॉर्बरचा समजत होतो.

"बाबा, तू बघत होतास ना?"

"बघत होतो."

"मग ब्रेक का नाही मारलास?"

"थांबलो की नाही?"

"थांबलास. पण मी आधी थांबले."

शुक्रवारपर्यंत ती बोलेनाशी झाली. फक्त कुर्र ऐकू यायचं. माझ्याही मनाविरुद्ध मी त्याची बेरीज ठेवू लागलो, पण ती इथे देत नाही. पत्नीने वाचली तर ती सव्वीस वर्षांनी गुणेल.

चौथ्या रविवारी चौघेही हजर होतो. मी खुर्चीवर, पत्नी माझ्या उजव्या बाजूला उभी. बसायला ती तयार नव्हती. मुलीने शिवण तपासावी तसं हातमोज्याचं एकेक बोट ओढून पाहिलं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. गाडी विकायची ठरली तर ती घ्यायला कोण-कोण गिऱ्हाइकं तयार आहेत, हे सोसायटीतल्या दोघांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. ते मुलीला माहीत होतं.

पहिली टप. दुसरी टप. तिसरी धप्प, हात चुकून क्लचवर गेला. प्रशिक्षक लांबूनच ओरडला, "पाय, पाय." मग सलग चार आल्या. आठवी पुन्हा पडली. नववी आली. नऊपैकी सात. दहावीवर सगळं.

मला पंच म्हणून एक शंका होती. सहावीचा आवाज टप आणि धप्प यांच्या मधला होता. ती मी धरली होती. धरली नसती तर निकाल तिथेच लागला असता. मी प्रशिक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "काका, मागचा टायर आधी घासला, मग पुढचा टेकला. ब्रेकनंच आली." मी मागे जाऊन मातीतली खूण पाहिली. घासल्याची रेघ होती. सात कायम.

दहाव्या वेळी चाक आधीच्या सगळ्यांपेक्षा वर गेलं. मला गाडीच्या खालची बाजू, इंजिनापासून सगळी, सरळ समोर दिसली. मी खुर्चीचे हात धरले. प्रशिक्षक पळायला निघाला. मुलीच्या उजव्या बुटाचं टोक खाली वळलं, आणि चाक उतरलं, पायऱ्या उतराव्यात तसं. टप.

"आठ," मी म्हणालो.

"आठ," प्रशिक्षक म्हणाला.

मी पत्नीकडे वळलो.

"पाहिलंस ना?" मी विचारलं.

"मी डोळे मिटले होते."

मग मी खाली पाहिलं. तिच्या उजव्या चपलेखाली मातीत बोटभर खोल खड्डा झाला होता. डाव्या पायाखाली जमीन सपाट होती.

मुलगी गाडी घेऊन आमच्याजवळ आली, हेल्मेट काढलं आणि आईकडे बघत राहिली.

"राहू दे गाडी," पत्नी म्हणाली. "पण रस्त्यावर नाही."

"रस्त्यावर नाहीच, आई."

प्रशिक्षकाला पत्नीचा यंत्रावरचा व्हिडिओ काढायचा होता. ती नको म्हणाली. तिच्या भिशीतल्या बायका बघतील. मग तिने पर्स उघडून शंभर रुपये काढले. तिसऱ्या रविवारी यंत्रावर आपण तीनदा पेट्रोल जाळलं, त्याचे.

"काकू, लाजवू नका."

"फुकट मी फक्त ह्यांच्या मागे बसते," ती म्हणाली, आणि नोट त्याच्या जॅकेटच्या खिशात घातली.

पुढच्या शनिवारी मी नाना पेठेत मागच्या फूटरेस्टचं रबर आणायला गेलो. दुकानदाराने जोडी पुढे ठेवली.

"मला एकच हवं आहे. उजवीकडचं."

"सुटं मिळत नाही."

"डावं झिजत नाही."

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग आत्ता एक लावा, दुसरं जपून ठेवा. आणि जमल्यास ब्रेक वापरत जा."

जोडीचे नव्वद रुपये त्याला दिले.