मंजुरी घेऊन बोलणारी पालिका

आमचे हे नगरपालिकेत कारकून. कचेरीत त्यांना फाइलराव म्हणतात आणि त्यात काही खोटं नाही. विचारल्याशिवाय हा माणूस काही करत नाही. मुलगी पसंत आहे का, असं माझ्या वडिलांनी विचारलं तेव्हा "घरी विचारून कळवतो" म्हणाले होते. आजही चहात साखर घालण्याआधी माझ्याकडे बघतात.

अशा माणसाच्या गळ्यात कचेरीने पालिकेचं फेसबुक पेज मारलं. जनतेशी थेट संवाद साधा, असा वरून आदेश आला होता. हे लगेच कामाला लागले. म्हणजे काय, तर प्रत्येक कॉमेंटची छापील प्रत काढायची, फायलीला लावायची, फाइल हेडक्लार्ककडे, तिथून साहेबांकडे, आणि सही होऊन परत आली की उत्तर टाइप करायचं. हा ह्यांचा थेट संवाद. एकदा साहेबांनी कागदावरच्या गोल तोंडावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"नागरिक हसतोय, साहेब."

"कशाला?"

"नमूद केलेलं नाही."

"मग विचारा."

पालिकेने विचारलं, 'आपल्या हसण्याचे कारण कळवावे.' त्यानंतर सगळं गावच हसायला लागलं आणि ह्यांची फाइल फुगत गेली.

मीही हसले असते, पण आमच्या दारासमोरच्या गटाराचं झाकण नाहीसं झालं होतं. सासूबाईंना कमी दिसतं, आणि सकाळचा फेरफटका मात्र कोणी काही सांगो, त्या चुकवत नाहीत. काठी टेकत खड्ड्याच्या कडेने निघाल्या की इकडे माझा जीव टांगणीला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "स्वतःच्या घरापुढचं काम मी कसं रेटू? बरं दिसत नाही." माझं डोकंच फिरलं. खड्ड्याचा फोटो काढला आणि सरळ पालिकेच्या पेजवर तक्रार ठोकली, नाव-पत्त्यासकट.

हे समोरच बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं.

"मिळाली तक्रार," म्हणाले.

"मग?"

"उद्या फायलीला लावतो."

बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. 'महोदया, आपली तक्रार प्राप्त झाली असून उचित कार्यवाही सुरू आहे.' ते लिहिणारा माणूस माझ्या शेजारी बसून मटार सोलत होता. मी मटाराचं भांडंच उचलून आत नेलं.

आणि एका सकाळी सासूबाईंचा पाय खड्ड्यात गेलाच. नशीब, काठी आडवी अडकली आणि शेजारच्यांनी दंड धरला. चप्पल तेवढी आत गेली. घरात आणून बसवलं तरी त्यांची थरथर थांबेना. ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या वर्षांत ह्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझा सगळा राग तिथल्या तिथे गेला.

मग हे फोनवर पालिकेचं पेज उघडून बसले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'झाकण पालिकेने बसवायला हवं होतं. बसवलं नाही. चूक आमची आहे. आज एक म्हातारी बाई थोडक्यात वाचली. झाकण बसेपर्यंत मी, पालिकेचा कारकून, या खड्ड्यापाशी उभा आहे.' एवढं झालं, पण बोट काही पुढे सरेना. शेवटी सासूबाईंपुढे उकिडवे बसून त्यांनी सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"टाकू का, आई?"

"टाक की मेल्या. आणि माझ्या चपलेचंही लिही."

चपलेचंही लिहिलं. मग हे खरंच खड्ड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी खुर्ची नेऊन दिली तर बसेनात, म्हणे 'उभा आहे' असं लिहिलंय. दुपारपर्यंत ते गावभर झालं आणि संध्याकाळी पालिकेची गाडी झाकण घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ह्यांच्या हातात नोटीस ठेवली. मंजुरीशिवाय मजकूर गेलाच कसा, याचा लेखी खुलासा करा, नाहीतर निलंबन. गोष्ट नोकरीवर आली होती.

"माफी मागा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

हे कागद घेऊन बसले आणि एका दमात खुलासा लिहून काढला. मी मागून डोकावले.

'मजकूर मंजुरीशिवाय गेलेला नाही. आईची मंजुरी घेतली होती.'