ओल्या फरशीतलं आभाळ

नारायण पेठेतले ते घड्याळवाले काका दुकान उघडलं की आधी समोरच्या फरशीवर पाणी शिंपडायचे. डाव्या हातात तांब्या, उजवा तळहात अर्धा मिटलेला. उन्हात उडालेले ते थेंब मला फोटोत हवे होते, म्हणून मी आठवडाभर समोरच्या पायरीवर कॅमेरा डोळ्याला लावून बसलो.

एकदा कॅमेरा घरीच विसरलो.

"आज यंत्र नाही वाटतं?" काका म्हणाले. "मग बघा निवांत."

थेंब खाली पडले आणि त्यांच्यामागोमाग माझी नजर पहिल्यांदाच फरशीवर गेली. ओल्या दगडात आख्खं आभाळ उतरलं होतं. एक कबूतर त्यातून संथ तरंगत गेलं.

"हे रोज असं दिसतं?"

"रोज. तुम्ही समोरच तर बसलेले असता."