माग-खात्याची बोली

आम्ही गिरणीतल्या बायका बोलायला लागलो की शेजाऱ्यांना वाटतं भांडण जुंपलं. जुंपलेलं काही नसतं, कानच गेलेत आमचे. झिंबाब्वेतल्या आमच्या बुलावायो शहरात, त्या ब्लँकेटच्या गिरणीत दोनशे माग एकदम धडधडायचे. शेजारी उभं राहून कुणी बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलायचो. धागा तुटला, मुकादम येतोय, हिचा नवरा पुन्हा पिऊन आला, सगळं. चार ओळी पलीकडचं बोलणं ओठांवरून कळायचं.

त्यात मान्योनीचे हात सगळ्यांत तिखट. न्योनींची लेक म्हणून मान्योनी. सव्वीस वर्षं तिचा माग आणि माझा माग पाठीला पाठ लावून. मग गिरणी बंद पडली, आणि सोळा वर्षं तिथे नुसता गंज आणि कबुतरं.

नंतर त्या रिकाम्या गिरणीत कलाकेंद्रवाले आले. भिंती रंगल्या, चित्रकार आले, तारेचे प्राणी करणारे आले, गाणारे आले. चांगलंच झालं, उगाच नावं कशाला ठेवू? पण आमचे जुने फोटो भिंतीवर आणि आम्ही फाटकाबाहेर. मान्योनीला ते झोंबलं.

"मी काय मेलेय, भिंतीवर टांगायला?" म्हणाली.

तिने आम्हां अकराजणींना गोळा केलं आणि फाटकाबाहेरच्या जॅकरँडाच्या झाडाखाली नाच बसवला. पायांनी मागाचा ठेका, हातांनी ती बोली. नाचायला तिला हवं होतं आमचं माग-खातं, माग चालायचे ते दालन. तिथली जमीन लाकडी. "लाकडावर पाय पडला तरच माग वाजतो, मातीत काय वाजणार?" हेच पालुपद. तिने अर्ज केला, चारदा खेटे घातले, आणि शेवटी केंद्राच्या समितीने एका मंगळवारी सकाळी बोलावलं.

आम्ही माग-खात्यात नाचून दाखवलं. समितीचे पाच जण, त्यांचे अध्यक्ष गुमेदे साहेब, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "विचार करून सांगतो, गोगो," असं म्हणून (आमच्याकडे आजीला गोगो म्हणतात) ते मुकादमाच्या काचेच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

इथेच चुकले. आमचा मुकादम शहाणा होता. आमच्याबद्दल बोलायचं झालं की काचेकडे पाठ करायचा. हे पाचही आमच्याकडे तोंडं करून बसले.

आम्ही बाकावर बसून त्यांचे ओठ वाचत होतो. एक बाई म्हणाली, गोड आहेत आज्या, पण कातडी आणि पिसं घालून नाचल्या तर पाहुण्यांना आवडेल. दुसरा म्हणाला, इथे हॉटेल छान चालेल, यांना शनिवारी दारात उभं करू. आणि मग गुमेदे म्हणाला, "सगळ्यांत धाकटी एकसष्टची. पाच वर्षांत उरतील किती? त्यांच्यासाठी एवढी जागा अडवायची?"

मी पिशवी उचलली. मान्योनीने नुसता हात खाली दाबला, माग सोडू नको म्हणताना करायची तसा.

"नाकाबुसानी, बस खाली," वर मला तोंडानेही म्हणाली. "रडायचं तर घरी जाऊन रड."

ते बाहेर आले. गुमेदेने हसून सांगितलं, "अजून काही ठरलं नाही, गोगो."

"ठरलंय की," मान्योनी म्हणाली. "ऐक लेकरा. कातडी मी जन्मात घातली नाही, सव्वीस वर्षं निळा एप्रन घातला. दारात मी उभी राहणार नाही, माझे गुडघे दुखतात. आणि उरतील किती, हे मात्र तू बरोबर विचारलंस."

गुमेदेचा चेहरा पडला. "तुम्हाला ऐकू कसं गेलं?"

"ऐकू कुठलं येतंय? अर्ध्या बहिऱ्या आहोत आम्ही." ती पुढे सरकली. "तीन महिने खातं दे. वस्तीतल्या पोरींना शिकवते. आम्ही मेल्यावर ही बोली उरणार नसेल, तर खुशाल हॉटेल काढ."

लाजेपोटी असेल, पण त्याने तीन महिने दिले.

चौदा पोरी आल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात फोन. मान्योनीने त्यांच्या कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि दोन तास तोंडातून आवाज काढू दिला नाही. पोरी वैतागल्या, पाच पळाल्या. "जाऊ देत," म्हणाली, आणि पाचजणींच्या घरी जाऊन, आयांशी भांडून, तिघींना परत आणलं. गुडघ्याला पट्टी बांधून रोज यायची. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं, या पोरी पाठ केलेलं म्हणतील आणि विसरतील. चार खुणा म्हणजे काही बोली नव्हे.

तीन महिन्यांनी गुमेदे एकटाच आला. पोरी नाचल्या, ठेका चुकला नाही. मान्योनी बाकावर बसून होती. तिचा चेहरा मला आवडला नाही.

"छान," गुमेदे म्हणाला. "पण गोगो, हे पाठांतर की..."

"मलाही तेच कळत नाहीये," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येतच नाही, काय करणार?

पोरी पाणी प्यायला पांगल्या होत्या. लुंगिले नावाची एक थेट पलीकडच्या दारापाशी, तिची मैत्रीण या टोकाला. आमचं लक्ष नाही असं समजून लुंगिलेचे ओठ हलले, हात हलले. म्हातारी आज फार कडू झालीय, कवळी उलटी बसवलीय वाटतं. या टोकाची पोटावर हात धरून हसली आणि तिने उलट हाताने सांगितलं, गप, बघतेय ती.

कवळीची खूण आमच्यात नव्हती. आमच्या वेळी कवळ्या कुणाला होत्या? पोरींनी ती स्वतःच काढली होती.

मान्योनीने एप्रनने डोळे पुसले. गुमेदे घाबरून खाली वाकला. "काय झालं गोगो? काय म्हणतायत त्या?"

"मला शिव्या घालतायत," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "मी न शिकवलेल्या. खात्याची चावी दे."