शहाऐंशी सालचं हरीण

आमच्या शेजारचे मर्ल ब्रुबेकर म्हणजे डझनात चुकून तेरावं अंडं आलं तर ते परत नेऊन देणारे. उसनं नेलेलं फावडं धुऊन, पुसून, तेलाचं फडकं फिरवून परत करतील. तीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. चर्च गरम ठेवणारी भट्टी बंद पडली की पास्टरबाई पहिला फोन त्यांनाच करतात. बावीस वर्षं आम्ही एका कुंपणाच्या दोन बाजूंना राहतोय, पण त्यांचा चढलेला आवाज मी ऐकलेला नाही. म्हणून पुढचं लिहिताना मला जरा अवघड वाटतं. पण आता ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, तेव्हा मी झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत लाकडं जाळायच्या शेगडीच्या वर, भिंतीवर हरणाची शिंगं टांगलेली असायची. बारा टोकांची, दोन्ही बाजू अगदी सारख्या. शहाऐंशी साली, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी, शिकारीच्या मोसमाच्या पहिल्याच दिवशी, पॉटर काउंटीच्या डोंगरात मर्लनी ते हरीण मारलं, ही गोष्ट त्या घरात येणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेली. मीच दहा वेळा तरी ऐकली असेल. गोष्टीत त्यांचा धाकटा भाऊ लोवेलही होता. घळीच्या एका बाजूला मर्ल, दुसऱ्या बाजूला लोवेल. दोघांनी एकदमच गोळी झाडली. एक लागली, एक चुकली.

आता, ज्याची गोळी चुकते त्याचं काय होतं हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कॅम्पवर, म्हणजे शिकाऱ्यांच्या डोंगरातल्या लाकडी घरात, परतलं की त्याला मध्ये उभा करायचा आणि त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा. त्यावर नाव आणि साल लिहून तुकडा कॅम्पच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायचा. तो तिथेच राहतो. माणूस मेला तरी राहतो. लोवेलचा लाल चौकड्यांचा तुकडा छत्तीस वर्षं त्या भिंतीवर होता. तो त्यांच्या वडिलांनी स्वतः कापला होता.

लोवेल त्यानंतर दोनच वर्षं कॅम्पवर गेला. मग नजर अधू झाल्याचं सांगून त्याने बंदूक विकली आणि मासेमारीकडे वळला. लग्न केलं नाही. शाळेची बस चालवायची, ओढ्याकाठच्या घरात बसून गळाला बांधायच्या पिसांच्या नकली माश्या करायच्या, एवढंच.

हॅरिसबर्गच्या शिकार-मासेमारीच्या प्रदर्शनाला मात्र सगळे दर फेब्रुवारीत एकत्र जायचे. त्या वर्षी मर्लच्या बायकोने, डोरिनने, मलाही ओढलं. "घरात बसून काय करणार आहेस? चल. बिटाच्या रसातली अंडी केलीत भरपूर, खायला माणूस हवं." त्यांची नात ब्रिन मांडीवर शिंगं घेऊन गाडीत बसली होती. बाराची झाली होती, शिकारीचा परवाना नुकताच हातात आला होता. प्रदर्शनात शिंगं मोजून देतात, आणि माप पुरेसं भरलं तर राज्याच्या विक्रमांच्या वहीत नाव लागतं, हे तिनेच शोधून काढलं होतं. मर्ल महिनाभर टाळत होते. आधी म्हणाले शिंगं जुनी झालीत, मग म्हणाले गर्दी फार असते. शेवटी ब्रिनने विचारलं, "पॅपी, तुला नाव लागायला नकोय का?" त्यावर त्यांनी शिंगं भिंतीवरून उतरवली.

आत शिरल्यावर घर नेहमीसारखं दोन वाटांनी फुटलं. लोवेल मासेमारीच्या हॉलकडे निघाला आणि जाता जाता दर वर्षीचं वाक्य बोलला, "मासा निसटला तर निदान कोणी शर्ट तरी कापत नाही."

डोरिन हसली, ब्रिन हसली. मर्ल खिशातली तिकिटं परत परत तपासत राहिले.

मोजणीच्या टेबलापाशी रांग होती. लोक शिंगं अशी कवेत धरून उभे होते, जशी लहान मुलं घेऊन दवाखान्यात बसतात. मोजणारे गृहस्थ म्हातारे, हात स्थिर. पोलादी टेपने एकेक टोक मोजायचे आणि आकडा मोठ्याने सांगायचे. ब्रिन तो आपल्या वहीत लिहून घ्यायची. आजूबाजूला माणसं जमली. बेरीज झाली, एकशे त्रेचाळीस आणि तीन अष्टमांश इंच. मागून कोणीतरी शीळ घातली.

"छत्तीस वर्षं हे घरात लपवून ठेवलंत?" गृहस्थ म्हणाले. "वहीत नक्की जाणार. हा कागद वाचा आणि खाली सही करा. ज्याने मारलं त्याचीच सही लागते."

ब्रिनने आपल्या सुंदर अक्षरात आधीच नाव, तारीख, काउंटी भरून ठेवलं होतं. खाली छापलेलं होतं की हे हरीण मी स्वतः, कायद्याने, माझ्या हाताने मारलं आहे.

मर्लनी चष्मा लावून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

"मर्ल, चक्कर येतेय का?" डोरिन म्हणाली. "सकाळी नीट खाल्लं नाहीस. अंडं देऊ?"

"पॅपी, नाव मी लिहिलंय. फक्त सही कर."

मर्लनी पेन खाली ठेवलं. "हे मी मारलेलं नाही."

मोजणारे गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग कोणी?"

"माझ्या भावाने."

"पण तू तर नेहमी सांगतोस..." ब्रिन म्हणाली.

"हो. मी सांगतो."

त्यांची मान कानापर्यंत लाल झाली होती. पुढचं ते टेबलाकडे बघून बोलले. हरणाला डाव्या अंगाला एकच भोक होतं, आणि डाव्या अंगाला लोवेल उभा होता. मर्लची गोळी हेमलॉकच्या झाडाच्या खोडात गेली. साल उडालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पण हरणापाशी ते आधी पोचले. खालून वडिलांनी हाक मारली, "कोणाचं रे?" आणि त्यांच्या तोंडून "माझं" गेलं. एवढा एकच शब्द. वडील चढून वर आले, पाठीवर हात ठेवला. तो हात पाठीवर असताना शब्द मागे घेता आला नाही. दुपारी कॅम्पवर लोवेलचा शर्ट कापला, तेव्हा त्याला धरून ठेवणाऱ्या चौघांत मर्लही होते.

डोरिनने हातातला अंड्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण घट्ट बसवत राहिली. ते आधीच बसलेलं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तिलाही हे माहीत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार?

गृहस्थांनी कागद परत दिला. "मारणाऱ्याला घेऊन या. मी पाचपर्यंत आहे." आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मर्ल शरमेने जास्त खचले असं मला वाटलं.

मासेमारीचा हॉल पार दुसऱ्या टोकाला. मर्लनी शिंगं स्वतः उचलली, ब्रिनला हात लावू दिला नाही. ती दहा पावलं मागून, वही छातीशी धरून चालत होती. वाटेत लोक थांबवायचे. "काय सुंदर आहे हो! तुम्ही मारलं?"

"नाही."

पुन्हा कोणी विचारायचं. पुन्हा "नाही." मी चार वेळा ऐकलं. त्यांना वळसा घालून मागच्या दाराने जाता आलं असतं, ते गेले नाहीत.

लोवेल ट्राउट माशांच्या हौदाजवळ एका बाकावर, छोट्या कात्रीने पीस कापत बसला होता. शिंगं पाहून म्हणाला, "काय रे, लागलं नाव?"

"ते तुझं आहे, लोवेल. माझी गोळी झाडात गेली. मला तेव्हाच माहीत होतं."

लोवेलने कात्री ठेवली. शिंगांकडे न बघता तो हौदाकडे बघू लागला.

"त्या हरणानंतरच्या जानेवारीत मी डोळे तपासायला गेलो होतो," तो म्हणाला. "कार्लाइलला. डॉक्टर म्हणाला, तुमच्या डोळ्यांत काही दोष नाही. मी घरी येऊन विचार करत बसलो, की मग दोष कशात आहे."

"लोवेल..."

"हरीण पडताना मी बघितलं होतं मर्ल. बघितलं होतं आणि तरी तुझं खरं मानलं. तू खोटं बोलतोस असं कधी कोणाच्या मनात तरी येईल का?"

मर्लनी पाठ फिरवली आणि पँटमध्ये खोचलेला शर्ट बाहेर ओढला. सत्तरीचा माणूस, भर गर्दीत. "काप."

लोवेलने कात्री उचलून खिशात टाकली. "आता काय कापायचं? ज्यांच्यासमोर कापायला हवा होता ते सगळे मेले. बाबासुद्धा. ते मला नेमबाज नसलेला मुलगा समजूनच गेले."

"तो कागद आहे. तुझी सही चालेल. पाचपर्यंत आहेत ते."

"मला वहीत नाव नको," लोवेल म्हणाला. "भिंतीवरचं काढलं असतंस तर पुरे होतं."

लोवेल पुन्हा पीस बांधायला बसला, पण दोरा दोनदा तुटला.

परतताना ब्रिन शिंगं मांडीवर घ्यायला तयार झाली नाही. शेवटी शिंगं मागे माझ्या आणि लोवेलच्या पायांपाशी ठेवली. तासभराच्या रस्त्यात मर्लनी मागचा आरसा एकदाही पाहिला नसेल. डोरिन खिडकीतून बाहेर बघत होती. अंड्यांचा डबा तसाच परत आला.

ओढ्याकाठच्या घरापाशी गाडी थांबली. लोवेल उतरला, दार लावायला वळला आणि थांबला. बोलला तो ब्रिनशी.

"तुला या वर्षी नेम शिकायचा आहे ना?"

ब्रिनने मर्लच्या डोक्याकडे पाहिलं. शिकवणार ते होते. ख्रिसमसपासून ठरलं होतं.

"हो."

"सोमवारी बस सोडली की मी मोकळा असतो. ये." आणि त्याने दार लावलं.

मर्लनी नुसती मान हलवली. गाडी मात्र त्यांनी लगेच सुरू केली नाही. शेवटी डोरिन म्हणाली, "चल आता. लोक बघतील."

"बघू देत," मर्ल म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच, बर्फातून, पॉटरला कॅम्पवर जाऊन आले. लोवेलचा तुकडा त्यांनी काढला आणि त्याच खिळ्याला आपला अडकवला. 'मर्ल, १९८६.' शर्ट स्वयंपाकघरातल्या कात्रीने स्वतःच पाठीमागे हात नेऊन कापला होता, त्यामुळे फार वेडावाकडा कापला गेला. डोरिन तो मला दाखवायला घेऊन आली. खाली नुसती शिलाई मारून देशील का, म्हणाली. मी मशीनवर बसलेही होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून मर्ल आले आणि शर्ट काढून घेऊन गेले.

ते तो अजून घालतात, आणि पँटमध्ये खोचत नाहीत. मार्चमध्ये मी पशुखाद्याच्या दुकानात पक्ष्यांचे दाणे घ्यायला गेले होते, तिथे ते रांगेत माझ्या पुढे उभे होते. पाठीमागे शर्टाचा अर्धा घोळ गायब. गल्ल्यावरचा माणूस मोठ्याने हसला.

"मर्ल, आता कुठला आलाय सीझन? कधी चुकलास?"

दुकानात सहा-सात माणसं होती. मर्लनी टोपी काढून हातात घेतली.

"शहाऐंशी साली," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगू लागले.