दोघांना चालेल असा बोर्ड

माझ्या ताईच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की आजूबाजूच्या माणसांनी गुपचूप कामाला लागायचं असतं. या वेळी शिरला होता तलाव. माझ्याकडे गाडी आहे आणि गाडीच्या टपावर कॅरिअर आहे, हा माझा गुन्हा.

ताई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आहे. ओली चादर तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, पलीकडून कोरडी होऊन आली की दोघींनी टोकं धरून घडी घालायची, हे तिचं काम. तिथे बारा महिने वाफ. चहाच्या सुट्टीत ताई मागचं दार उघडून उंबऱ्यावर उभी राहते, आणि त्या दारातून तलाव दिसतो. सकाळी पाणी शांत असताना लोक बोर्डवर उभे राहून वल्हं मारत जातात. दुपारी वारा सुटला की त्यातलेच काही जण त्याच बोर्डला शीड लावून सुसाट सुटतात. "तोच बोर्ड गं," ती मला फोनवर सांगायची. "एकच बोर्ड आणि दोन्ही होतं." जणू बोर्डाचा शोध तिनेच लावला होता.

तिला शीड हवं होतं. पण खरं तर तिला भावोजींना घराबाहेर काढायचं होतं, आणि हे तिने मला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. भावोजींचा छापखाना बंद पडल्यापासून ते सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसून होते. भांडण नाही, तक्रार नाही. फिरायला चला म्हटलं की "राहू दे". कुणाकडे जाऊ म्हटलं की "तू जाऊन ये". ताईला भांडता येतं, पण जो माणूस भांडतच नाही त्याच्याशी कसं भांडायचं? रोलरपाशी उभी असताना मला घरी जावंसं वाटत नाही, असं ती एकदा म्हणाली, तेव्हा मात्र मी गाडी काढायला तयार झाले.

बोर्डासाठी ती हात धुऊन त्यांच्या मागे लागली. शेवटी कंटाळून भावोजींनी अट घातली. "तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकच बोर्ड मावेल. तो दोघांना चालला पाहिजे. मला वल्ह्याने, तुला शिडाने. रविवारी बघून येऊ. नाही चालला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." असा बोर्ड मिळणारच नाही याची त्यांना खात्री होती. ताईने पुढचं काही ऐकलंच नाही, ती पिशवीत टॉवेल भरायला लागली होती.

दुकान तलावाच्या काठावरच होतं. लांबलचक शेड, भिंतीला उभे केलेले बोर्ड, रबराचा वास. चालवणारी बाई उन्हाने रापलेली, पायात चप्पल नाही, आणि बोलण्यात उगाच गोडवा नाही. पाण्यावर करून बघा, मगच घ्या, असा तिचा नियम. तिने आम्हाला लाइफ जॅकेट चढवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काका, वजन किती? वजनावर सगळं आहे. बोर्डने तुम्हाला उचललं पाहिजे."

"ऐंशी," भावोजी म्हणाले.

मी ताईकडे बघितलं. ताईने शेडच्या छपराकडे बघितलं.

ऐंशीच्या हिशेबाने एक निळा, चिंचोळा, देखणा बोर्ड पाण्यात आला. भावोजी त्याच्यावर उभे राहिले, बोर्ड त्यांच्यासकट घोट्याएवढा पाण्याखाली गेला, दोनदा डुगडुगला आणि भावोजी आडवे झाले. पुन्हा चढले, पुन्हा आडवे. काठावर पाणी इतकं उथळ होतं की ते नुसते ढोपराएवढ्या पाण्यात बसलेले दिसत होते. मी हसू दाबायला मान फिरवली.

"अहो," ताई म्हणाली, "तुमचे शर्ट मी धुते. तो आकडा लग्नाच्या वेळचा आहे."

भावोजी बाहेर आले, बाकावर बसले, टॉवेल डोक्यावर घेतला. "झालं? बघितलं? आता तू कर." एवढं बोलून ते ढिम्म झाले. त्या टॉवेलखाली पुन्हा तो सोफ्याचा कोपरा तयार झाला होता, आणि मला त्यांचा इतका राग आला की तो टॉवेल ओढून घ्यावासा वाटला.

ताईसाठी बाईने रुंद, राखाडी, हवा भरायचा बोर्ड काढला. शीड लावायची सोय त्यावर होती. "हा मुळात वल्ह्याचा. शिडाला चालतो, पण वारा हलका आहे तोवरच. आणि काकू, एक लक्षात ठेवा. वारा ओढायला लागला की शीड सरळ सोडून द्यायचं."

'काकू' ऐकून ताईच्या नाकावर राग आला, पण तिने मान डोलावली. दोरी धरून शीड पाण्यातून वर खेचलं. ते वर आलं, वाऱ्याने भरलं आणि तिला ओढायला लागलं.

"सोडा!" बाई म्हणाली.

ताईने सोडलं नाही. शीड पलीकडे झुकलं, ताई त्याच्याबरोबर हवेतून पलीकडे गेली. पुन्हा चढली, पुन्हा खेचलं, पुन्हा "सोडा", पुन्हा ताई शिडासकट पाण्यात. बाई हैराण. मला मात्र लगेच कळलं. लाँड्रीत धुतलेली चादर खाली टेकली की ती परत मशिनमध्ये, आणि बाकीच्या बायकांच्या नजरा तुमच्यावर. ताई आयुष्यभर कापड खाली पडू न देण्याचा पगार घेत आली आहे. तिला कापड सोड म्हणून सांगणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणून सांगणं.

"काकू, सोडा ना!"

"अहो, पाण्यात पडेल ते!"

"पडू दे! पाण्यासाठीच आहे!"

आणि मग तिला जमलं. सोडायला नाही, उभं राहायला. वाऱ्याला पाठ टेकून ताई सरळ उभी राहिली आणि बोर्ड निघाला. किती वेगात जात होती ती! मी काठावरून ओरडत होते, काय ओरडत होते ते मलाच ठाऊक नाही. ताई हसत होती. इतक्या लांबून तिचे दात दिसत होते.

मग लक्षात आलं की ती लांबच चालली आहे. वारा वाढला होता. वळायचा प्रयत्न केला की बोर्ड वळायच्या ऐवजी कडेकडेने घसरत होता. बाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "त्याला पोटाखाली मधलं पातं नाही. वारा वाढला की तो धरून राहत नाही. मी मोटरबोट काढते." आणि ती शेडच्या मागे पळाली. पलीकडच्या काठाशी, गवतात शीड एकदाचं पडलं. ताई बोर्डवर बसून हात हलवत होती. मजेत हलवत होती की घाबरून, ते कळेना.

मी भावोजींना सांगायला वळले तर बाकावर नुसता टॉवेल.

शेडच्या दाराशी शिकवणीचा एक नारिंगी बोर्ड सकाळपासून पडलेला होता, ओरखडे गेलेला, दारासारखा रुंद. तो आता पाण्यात होता आणि त्याच्यावर भावोजी गुडघे टेकून वल्हं मारत होते. वल्हं उलटं धरलं होतं. निम्म्या वाटेवर त्यांनी एक पाऊल टेकवलं, मग दुसरं, आणि ते उभे राहिले. ओणवे, पाय फाकलेले, अजिबात देखणे नाहीत. पण उभे. बोर्ड जरासुद्धा दबला नाही.

बाईने मोटरबोट आणली तेव्हा मी तिचा हात धरला. "थांबा जरा," मी म्हणाले.

ते ताईपर्यंत पोचले. तिथे बराच वेळ दोघं बोलत होते. मग ताईने त्यांच्या बोर्डची दोरी हातात धरली आणि ती वरात आमच्याकडे निघाली, पुढे भावोजी वल्हं मारत, मागे ताई शीड आडवं टाकून पालथी पडलेली, आणि तिथूनही त्यांना सूचना देत. काठाला लागल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

भावोजी धापा टाकत होते. त्यांनी नारिंगी बोर्ड उलटा केला आणि मधल्या पात्यावर हात ठेवला. "हे ह्याला आहे. आणि शिडासाठी भोकही आहे. मग सकाळपासून हा का नाही दाखवला?"

"तुम्ही ऐंशी म्हणालात," बाई म्हणाली. "आणि काकूंना एवढं जड धूड कशाला म्हणून मी हलका दिला. ती माझी चूक."

"लावा शीड. हिला चालतो का बघू."

ताई दमली होती, ओठ निळे पडले होते, तरी नको म्हणाली नाही. गेली, पडली, पुन्हा उभी राहिली. तलावाच्या मधोमध शीड फिरवलं, तोल गेला, सावरला, आणि बोर्डाचं तोंड आमच्याकडे वळलं. येताना तिने एकदाही खाली बघितलं नाही. भावोजी पाण्यात कमरेपर्यंत जाऊन उभे होते, बोर्ड धरायला.

"मग काका, असाच नवा काढू?" बाईने विचारलं.

भावोजींचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. ते पाण्याकडे बघत होते. "उद्या सकाळी वारा किती असेल?" त्यांनी विचारलं.

ताई वाकून बुटातलं पाणी ओतत होती. तिचा हात थांबला. "उद्या मला कामावर जायचंय हो," ती म्हणाली.

"तुझं नाही विचारत. मी येणार आहे."

"एकटे?"

"एकटा. सकाळी पाणी शांत असतं ना? तूच सांगत होतीस."

"आणि माझी पाळी?"

"तुझी रविवारी."

ताईने ओला बूट तसाच पायात चढवला. मग एकदम माझ्याकडे वळली आणि माझ्यावर डाफरली. टॉवेल असा बाकावर कुणी टाकतं का, बोर्ड बांधायच्या दोऱ्या कुठे आहेत, त्यांना थंडी वाजतेय, दिसत नाही का तुला? मी दोऱ्या आणायला गाडीकडे वळले. तिला रडू येत होतं, आणि मलाही.