चिंतामणी, मोरपंखी नव्हे

मृणालताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्याशी नाही, माझ्या शर्टाशी बोलल्या. सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातला माझा तो पहिला आठवडा होता. कॉफीच्या मशीनपाशी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. केस बारीक कापलेले, कानात मोत्याच्या कुड्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव त्यांनी आधीच वाचलं असावं. थेट मराठीत म्हणाल्या, "अरे वा, अमसुली! पुष्कळ दिवसांनी पाहिला."

मी म्हटलं, "हा मरून आहे."

"दुकानात मरून. अंगावर आला की अमसुली," असं म्हणून त्या कप घेऊन निघूनही गेल्या.

आमच्या ऑफिसात ताई मोबाइल अ‍ॅपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, आखायच्या. कुठे बटण, कुठे अक्षर, कशाला कोणता रंग. मी त्यांच्या पडद्यांखालच्या सूचना लिहायचो. रंगांच्या यादीत इतर कंपन्यांत आकडे असतात, आमच्याकडे रोमन लिपीत अबोली, श्रीखंडी, डाळिंबी अशी नावं होती, आणि ती चिनी, तमिळ, मलय सगळे सहकारी वापरायचे. शेजारच्या टेबलावरचा वेई एकदा कंटाळून म्हणाला, "मृणाल, मोरपंखी, चिंतामणी, सेम पीकॉक लाह!" ताईंनी त्याची खुर्ची खिडकीकडे वळवली, दोन्ही रंग उजेडात शेजारी धरले आणि मोडक्यातोडक्या सिंगापुरी इंग्रजीत त्याला समजावलं, की मोर हिरव्याकडे बघतो तेव्हा मोरपंखी, निळ्याकडे बघतो तेव्हा चिंतामणी. वेई बराच वेळ पाहत राहिला. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

चिंतामणी हा त्यांच्या घरचा रंग आहे हे मला पुढे कळलं, त्यांनी त्यांचं चित्र दाखवलं तेव्हा.

ते चित्र त्या टॅबलेटवर काढत होत्या. ऑफिसला येताना-जाताना एमआरटीच्या मेट्रोत, जेवणाच्या सुट्टीत, जमेल तसं. मिरजेतला एक अरुंद बोळ, दोन्हीकडे घरांच्या भिंती, सकाळचं ऊन एकाच बाजूला. बोळ जिथे उजवीकडे वळतो तिथे पाठमोरी एक बाई, बोटाच्या पेराएवढी. तिला चेहरा नाही, हातपायसुद्धा धड दिसत नाहीत. फक्त इरकल लुगड्याचा रंग.

"आई शाळेत शिकवायची," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी मी आणि अक्का पायरीवर बसून तिला जाताना बघायचो. एवढ्या लांबून चेहरा कसला दिसतोय! रंग दिसायचा. रंग वळला की आई गेली. मग रडायचं असेल तर रडायचं, नाहीतर आत येऊन दूध प्यायचं."

त्या लुगड्याचा एकही रंगीत फोटो नव्हता. लुगडंही केव्हाच विरून गेलं होतं. तो रंग आता दोनच माणसांच्या डोळ्यांत उरला होता, ताईंच्या आणि मिरजेला राहणाऱ्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या.

त्याच सुमारास ताईंचा जुना आजार परतला. पहिल्या खेपेला त्यांनी तो ऑफिसात हसत सांगितला होता. या वेळी सांगितलाच नाही, नुसतं येणं कमी केलं. मी शनिवारी चोआ चू कांगला त्यांच्या फ्लॅटवर जायला लागलो. खालच्या हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवरून सोयाबीनचं गार दूध घ्यायचं आणि वर जायचं. शेखरराव, त्यांचे यजमान, दार उघडून मला आत घ्यायचे आणि स्वयंपाकघरात जायचे. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर टॅबलेट.

"हे इरासाठी आहे," त्यांनी एकदा सरळ सांगितलं. इरा त्यांची सोळा वर्षांची मुलगी. "जाणारं माणूस कसं बघायचं, ते मला तिला दाखवून ठेवायचंय. रडून सांगितलं तर ऐकायची नाही. चित्र बघेल."

अडलं होतं फक्त लुगडं. ते वेगळ्या थरावर रंगवलेलं होतं. भिंतींना, उन्हाला धक्का न लावता त्याचा रंग पाहिजे तेव्हा बदलता यायचा. ताईंनी पहिल्याच दिवशी चिंतामणी भरला होता. त्यांची खात्री होती. तरीही त्यांनी तो अक्कांना फोनवर पाठवला.

अक्कांचा आवाज खणखणीत होता. स्पीकर लावायची गरजच नसायची. "मृणाल, हे काय गं? हिरवट झालंय. आईचं लुगडं असं मळकट होतं का?"

ताईंनी निळा वाढवला. "अजून मळकट." पुन्हा वाढवला. असे शनिवारमागून शनिवार गेले. शेवटी लुगडं इतकं निळं झालं की बोळाच्या टोकाला शाईची दौत सांडल्यासारखी दिसायला लागली. इरा मागून डोकावली आणि म्हणाली, "आई, जस्ट पिक वन फ्रॉम द नेट लाह. सो ईझी."

"नेटवर तुझी आजी नाही," ताई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या फार थकलेल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला रंग ठाऊक आहे ना? मग तुमचाच ठेवा की."

"मला ठाऊक आहेच," त्या म्हणाल्या. "पण ती अक्काचीही आई होती. पायरीवर दोघी बसायचो. मी एकटीनेच ठरवलं तर अक्का उठून गेल्यासारखी होईल."

थोडा वेळ त्या डोळे मिटून बसल्या. मला वाटलं झोप लागली. मग एकदम सरळ बसल्या, टॅबलेटवर कोरा चौकोन काढला आणि अक्कांना पाठवून फोन लावला.

"अक्का, आता आलाय तो रंग कसा दिसतोय?"

"हा होय? साजूक तुपासारखा."

"पांढरा नाही?"

"पांढराच की. पण तुपाचा पांढरा."

ताई इतक्या हसल्या की शेखरराव हातातली कढई घेऊन बाहेर आले. अक्कांच्या नातवाने, आजीचे डोळे दुखू नयेत म्हणून, फोनचा पडदा पिवळसर करून ठेवला होता. मिरजेला पोचणारा प्रत्येक निळा तुपात बुडून निघत होता. "अगं बाई, मग आधी बोलायचंस की!" अक्का म्हणाल्या. "मला वाटलं, सिंगापूरला रंग असेच मिळतात."

नातवाला बोलावून पडदा पूर्ववत होईपर्यंत बराच आरडाओरडा ऐकू आला. ताईंनी तोवर शाई पुसली आणि पहिल्या दिवशीचा चिंतामणी परत भरला. एका क्षणाचं काम. पाठवला. त्यांचा अंगठा टॅबलेटच्या कडेवर घट्ट दाबलेला होता, एवढंच मला दिसलं.

पलीकडून काहीच आवाज येईना. खणखणीत माणूस गप्प झालं की फोन बंद पडल्यासारखं वाटतं. ताई हळूच म्हणाल्या, "अक्का?"

"थांब," अक्का म्हणाल्या. "बोलू नकोस. ही चालली बघ शाळेला."

ताईंनी त्या लुगड्याला पुन्हा हात लावला नाही. आठवडाभर भिंतीवरच्या उन्हात थोडंफार काम केलं. मग चित्र पुरं झालं असं म्हणाल्या आणि इराला हाक मारली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी आणि शेखरराव बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे होतो.

ताई गेल्या त्याला आता काही महिने झाले. त्या दिवशी अक्कांचा फोन मीच घेतला. रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "शेवटी काय नेसवलंत तिला?" पूर्वीचा मी 'क्रीम कलरची साडी' म्हणालो असतो. म्हटलं, "मोतिया, अक्का. अबोली काठांची. इराने काढून दिली." "बरं झालं," त्या म्हणाल्या. "दिसली मला."

परवा शेखररावांकडे गेलो होतो. चित्र छापून दारासमोरच्या भिंतीवर लावलंय. इरा अभ्यासातून उठून दोन शब्द बोलली आणि परत गेली. मी निघालो, लिफ्टने खाली आलो, एमआरटीच्या रस्त्याला लागलो, तेवढ्यात वरून हाक आली.

"काका!"

ती कॉरिडॉरच्या कठड्याला टेकून उभी होती. इतक्या उंचावरून तिला माझा चेहरा दिसणं शक्य नव्हतं.

"काका, टुडे अमसुली, राइट?"

मी खाली शर्टाकडे पाहिलं. तोच होता. हात वर करून म्हटलं, "हो, अमसुलीच!"

ती आत गेली नाही. पुढच्या ब्लॉकपाशी रस्ता डावीकडे वळतो. तिथपर्यंत मी अगदी सावकाश चाललो, ती बघत होती म्हणून.