रिंगवाल्या बाई आणि समोरची खोली

सख्ख्या भावाचं कौतुक ऐकताना तुमच्या पोटात कधीच दुखलं नाही? खरं बोला.

रिंगवाल्या डॉक्टरबाईंच्या पोटात रोज दुखायचं. हाड सडलं, पू थांबेना, सगळ्यांनी हात टेकले, की माणसं त्यांच्याकडे यायची. सडलेलं हाड त्या काढून टाकत, पायाभोवती लोखंडी रिंगा बसवत. मग पेशंटनं घरी पान्यानं दिवसातून चार वेळा नट फिरवायचा. दिवसाला एक मिलिमीटर नवं हाड! नोकरी सुटायची, सासू कंटाळायची, रिंगा मात्र सुटत नसत.

धाकटा भाऊ समोरच्याच खोलीत. तो पाय कापायचा. तासाभराचं काम, आणि चार महिन्यांत माणूस नकली पायावर टकाटका चालत त्याचे आभार मानायला हजर.

"काय गं ताई," डबा उघडताना तो विचारायचा, "तुझा तो रंगारी पेशंट अजून नटच पिळतोय का?"

"मेल्या, सुतार व्हायचं सोडून डॉक्टर कशाला झालास?" बाई हसायच्या, आणि आतून जळफळायच्या.

रंगाऱ्याच्या पायात रिंगा बसवून चौदा महिने झाले होते. एकदा तो चाचरत म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. समोरच्या साहेबांना पाय दाखवू का?"

बाईंचा पारा चढला. "मग मी काय चौदा महिने माशा मारल्या? आणखी तीन महिने. गुमान नट फिरवा!"

खरं तर त्याचा रिपोर्ट चार दिवस त्यांच्या खणात पडून होता. तिसऱ्यांदा जंतू सापडले होते, कुठल्याच औषधाला दाद न देणारे. पाय वाचायची आशा जवळजवळ संपलेली. पण सांगितलं, तर हा उठून समोर जाणार, आणि भाऊ जिंकणार.

रंगारी कुबड्या सावरत उठला. रिंगांसाठी बायकोनं पँटची शिवण उसवून नाड्या लावल्या होत्या. त्यातली एक पू वाळून कडक झालेली. ती बघून बाईंना टोचलं.

"बसा," त्या म्हणाल्या. कागद काढून त्याच्या हातात दिला. सगळं सांगितलं. लपवल्याचंही. "पाय तुमचा आहे. ठरवा तुम्ही."

तो कागदाकडे बघत राहिला. "चार दिवस? मॅडम, तेवढ्यात मी सोळा वेळा नट फिरवला की हो!"



पाय भावानं कापला. चार महिन्यांनी रंगारी चालत आला, तो थेट समोरच्या खोलीत. बाईंनी दारातून पाहिलं आणि पुन्हा जळल्या. ती खोड काही जात नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या माणसाच्या पायात रिंगा असतील, तर दर खेपेला रिपोर्ट मागा. डॉक्टर चिडले तर चिडू द्या, पण कागद हातात पडल्याशिवाय खुर्ची सोडू नका.